टीम त्याची, कॅमेरा त्याचा, आणि बेटिंगपण त्याचंच?

मागच्या अंकात या सदरात मी एक वाक्य लिहिलेलं, की ज्याच्या हातात टीम आहे त्याच्याच हातात मॅच दाखवायचा कॅमेरा आणि त्याच्याच हातात बेटिंगचं अ‍ॅप आलं की तिथनं पुढं त्या खेळाला खेळ म्हणायचं का नाही याचा विचार करावा लागतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न (पीएफ, वारसा, सोनं तारण) सगळे पुढच्या महिन्यावर ढकललेत, ज्यांची उत्तरं राहिली त्यांनी राग मानू नये. मी वीस वर्षं तालीम मंडळांचे (आमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम याच मंडळांच्या) आणि लोकल केबलवाल्यांचे हिशेब बघतोय, त्यामुळं खेळातला पैसा कुठनं येतो आणि कुठं जातो हे थोडंफार जवळनं बघितलंय. तेवढ्याच्या जोरावर लिहितोय.

प्रश्न: नमस्कार सर, मी सुभाषनगरचा, वय २४. आम्ही तिघं मित्र शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचेस यूट्यूबवर लाइव्ह करतोय, दोन सीझन झाले. कॅमेरा भाड्याचा, लॅपटॉप माझा, नेटसाठी दोन कंपन्यांची सिमं. गेल्या आठवड्यात एका 'स्पोर्ट्स न्यूज' वेबसाइटवाल्याचा फोन आला, सीझनचे साठ हजार देतो म्हणाला, फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यात लोगो आणि खाली डिस्क्रिप्शनमध्ये लिंक टाकायची. वर असंही म्हणाला की यूट्यूबवर जायच्या आधीचा डायरेक्ट फीड आम्हाला द्या, त्याचे पैसे वेगळे. आम्हाला सगळा सीझन मिळून चहापाण्याचे पण सुटत नाहीत सर. घेऊ का नको?

उत्तर: भावा, नको घेऊस. का नको ते सगळं सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की उद्या दुसरा कोणतरी ऐंशी हजार घेऊन येईल.

तू पाठवलेली लिंक मी उघडून बघितली. बातम्या चार, त्यातल्या तीन महिन्याभरापूर्वीच्या, आणि वर हिरवं बटण. दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतंय आणि समोरनं 'हाय सर, आयडी पाहिजे का' असा मेसेज येतोय. म्हणजे न्यूज वगैरे काय नाही, बेटिंगचा आयडी, म्हणजे पैसे लावायचं खातं, विकायचं दुकान आहे आणि बाहेर न्यूजची पाटी लावलीय. हा प्रकार एवढा वाढलेला की २०२२ सालीच केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं चॅनेलवाल्यांना आणि ओटीटीवाल्यांना लेखी सांगितलेलं, न्यूजच्या नावाखाली चालणाऱ्या या बेटिंग साइटच्या जाहिराती दाखवू नका म्हणून. आता तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदाच केलाय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठ हजारासाठी पन्नास लाखाची जोखीम तुम्ही तिघं घेणार, आणि फोन करणारा माणूस कुठल्या देशात बसलाय हे पण तुला माहीत नाही. यूट्यूबनं पण मार्च २०२५ पासून नियम कडक केलेत, त्यांनी मंजूर न केलेल्या जुगाराच्या साइटकडं प्रेक्षकाला पाठवलं की व्हिडिओ काढून टाकतात. दोन सीझन घाम गाळून जमवलेलं चॅनेल एका लिंकपायी अडचणीत यायला नको.

पण माझा जीव खरा अडकलाय तो तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या वाक्यात, तो डायरेक्ट फीड. गेल्या सीझनला मी स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्यावर उभा होतो, आत मॅच चाललेली, हातात मोबाइलवर कुणाचंतरी लाइव्ह लावलेलं. मोबाइलवर बॉल अजून मिडफील्डला फिरतोय आणि आतनं भिंतीवरनं आवाज आला, गोल! मोबाइलवर तो गोल दिसायला पुढं अर्धा मिनिट गेला, तोवर माझा चहा निम्मा पिऊन झालेला. हा जो अर्धा मिनिट आहे ना, बेटिंगवाल्याला तोच विकत पाहिजे. चालू मॅचमध्ये पैसे लावून घेणाऱ्याला गोल झालेला आधी कळला आणि पैसे लावणाऱ्याला नंतर, तर घेणारा भाव बंद करतोय, बदलतोय किंवा स्वतःच दुसरीकडं पैसे लावून मोकळा होतोय. क्रिकेटमध्ये याला पिच-सायडिंग म्हणतात. २०२१ च्या आयपीएलमध्ये दिल्लीच्या मैदानावर एका सफाई कामगारामार्फत हेच चाललेलं असं बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या प्रमुखांनीच सांगितलेलं. तिथं चोरून माणूस घुसवावा लागला. इथं तुम्ही तिघं पास घेऊन, ट्रायपॉड लावून, आयतं देणार.

पैशाचं म्हणशील तर मागं पडू नको, मार्ग आहे. पहिली गोष्ट, दाखवायचा हक्क कुणाचा आहे ते स्पर्धा भरवणाऱ्याकडनं लेखी घ्या, ते कागद हातात असले की जाहिरात मागायला तोंड उघडतं. मग मसालेवाला, जर्सी छापणारा, दुचाकीचं शोरूम, लग्नाचा हॉल, यांच्याकडं जा आणि मॅचमागं किती लोकांनी किती वेळ बघितलं ते यूट्यूबचे आकडे प्रिंट काढून दाखवा. पेठेच्या मॅचला परदेशात गेलेली पोरं पण जागून बसतात, तो आकडा दुकानदाराला सांगितला की त्याला पण बरं वाटतंय. सीझनचे साठ नाही मिळणार, पंचवीस मिळतील, पण ते पंचवीस तुमचे असतील.

प्रश्न: रिलायन्सकडं मुंबई इंडियन्सपण आहे आणि मॅच दाखवणारं अ‍ॅपपण त्यांचंच. मग तुम्ही म्हणताय ते तिथं आधीच झालंय की! त्यावर कोण का बोलत नाही? (शिवाजी विद्यापीठ परिसरातून एक विद्यार्थिनी)

उत्तर: प्रश्न बरोबर आहे. मुंबई इंडियन्स २००८ पासून त्यांची. २०२२ च्या लिलावात २०२३ ते २०२७ या पाच सीझनचे आयपीएलचे हक्क सगळे मिळून ४८,३९० कोटींना गेले, त्यात भारतातले टीव्हीचे स्टारकडं २३,५७५ कोटींना आणि डिजिटलचे रिलायन्सच्या वायकॉम१८ कडं २०,५०० कोटींना. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही धंदे एक झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं. म्हणजे टीम आणि कॅमेरा एका घरात आले हे खरं.

पण दोन गोष्टी बघ. अंपायर, वेळापत्रक, नियम हे बीसीसीआयच्या हातात आहेत, आणि हक्क उघड लिलावात घेतलेत, किंमत सगळ्यांना माहिताय. दुसरं, तिसरा तुकडा, म्हणजे बाजी घ्यायचं काउंटर, त्या घरात नाही. मला यात एकाच घराची मक्तेदारी वाढल्याची काळजी वाटते, रिचार्ज आणि सबस्क्रिप्शन महाग होईल ही काळजी वाटते, पण मॅचवर संशय घ्यायचं कारण त्यातनं तयार होत नाही.

तिन्ही तुकडे एकत्र बघायचे तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टनला बघ. तिथं एकाच कंपनीकडं बास्केटबॉलची विझार्ड्स, आइस हॉकीची कॅपिटल्स, मॅच दाखवणारं स्वतःचं चॅनेल, आणि २०२१ पासून त्यांच्याच स्टेडियममध्ये बेटिंगचं दुकान, जे एका कॅसिनो कंपनीला चालवायला दिलंय. तिथल्या सुप्रीम कोर्टानं मे २०१८ मध्ये बेटिंगबंदीचा केंद्राचा कायदा रद्द केला, त्यानंतर हे सगळं उघड, कायदेशीर सुरू झालं.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दाखवणारे जेव्हा बेटिंगमध्ये उतरले तेव्हा त्यांचं जमलं नाही. फुबो नावाच्या स्ट्रीमिंग कंपनीनं बेटिंग सुरू केलं आणि २०२२ मध्ये बंद केलं. फॉक्सनं २०२३ मध्ये बंद केलं. ईएसपीएननं २०२३ मध्ये दहा वर्षांचा दीड अब्ज डॉलरचा करार करून आपलं नाव बेटिंगला दिलं, तो करार २०२५ मध्येच मोडला. उलट बेटिंगवाले दाखवण्यात उतरले ते मात्र टिकले, कारण मॅच बघणाऱ्या माणसाला बाजीची गरज नसते, पण बाजी लावलेल्या माणसाला मॅच बघितल्याशिवाय चैन पडत नाही. जानेवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या कितीतरी मॅचेस टीव्हीवर नव्हत्या पण बेटिंग कंपन्यांच्या साइटवर होत्या, आणि बघायला काय करायचं तर तिथं खातं उघडायचं किंवा बाजी लावायची. दीडशे वर्षं जुना कप, आणि बघायचा दरवाजा जुगाराच्या दुकानातनं. तिथल्या लोकांनी आरडाओरडा केला, संसदेपर्यंत गेलं, मग त्या मॅचेस दुसरीकडंपण दाखवायला लागले. आपल्याकडं कोण ओरडणार हे मला कळत नाही, म्हणून तुझं पत्र बघून बरं वाटलं.

प्रश्न: आम्ही एका पेठेतल्या तालमीचे कार्यकर्ते. बाहेरगावचा एक पार्टी आलाय. आठ टीमची फुटबॉल लीग, रात्री लाइटमध्ये, पोरांना मॅचमागं तीन हजार, जर्सी-बूट फुकट. पाच टीम त्याच्याच ओळखीतल्या लोकांनी घेतल्यात, तीन आम्हा तालमींना देतो म्हणतोय. लाइव्ह त्याच्या अ‍ॅपवर, स्कोअरर त्याचा, रेफ्री पण तोच आणणार आणि अ‍ॅपवर 'प्रेडिक्शन गेम' असणार म्हणे. पोरं लय खूश आहेत. मंडळात दोन गट पडलेत. काय करावं?

उत्तर: पोरं खूश असणारच हो. सीझनभर गुडघे फोडून घ्यायचे आणि हातात काय तर ट्रॉफी आणि हार. त्यांना कोण तीन हजार देतो म्हटलं तर नाही म्हणायला काळीज लागतं, हे मला कळतं आणि तुमच्या दुसऱ्या गटाला मी लोभी म्हणणार नाही. पण तुम्ही लिहिलेला सगळा प्रस्ताव मी कागदावर मांडला आणि प्रत्येक नावापुढं पैसे कोण देणार ते लिहिलं. टीम तो, कॅमेरा तो, स्कोअर तो, रेफ्री तो, बाजी तो. दुसरं नाव कुठंच नाही.

असं झालं की काय होतंय त्याचं उदाहरण लांबचं नाही, गुजरातमधलं आहे, मेहसाणा जिल्हा, मोलीपूर गाव, जुलै २०२२. शेत भाड्यानं घेतलं, पिच केलं, हॅलोजन लावले, पाच कॅमेरे लावले. शेतमजूर आणि बेकार पोरं गोळा केली, मॅचमागं चारशे रुपये, आळीपाळीनं वेगवेगळ्या टीमच्या जर्सी घालायच्या. एक माणूस हर्षा भोगलेंच्या आवाजात कॉमेंट्री करायला ठेवलेला. प्रेक्षकांचा आवाज इंटरनेटवरनं डाऊनलोड करून स्पीकरवर सोडलेला. हे सगळं यूट्यूबवर लाइव्ह, आणि पैसे लावणारे कुठले तर रशियातले, टेलिग्रामवरनं. अंपायरच्या हातात वॉकीटॉकी. वरनं सांगितलं चौकार, की अंपायर बॉलरला खूण करणार, बॉलर हळू टाकणार, बॅट्समन मारणार. कॅमेरा पिचवरच ठेवायचा, मैदान मोकळं आहे हे दिसू द्यायचं नाही. पोलीस पोचेपर्यंत स्पर्धा क्वार्टर फायनलपर्यंत गेलेली.

त्याच्या दोन वर्षं आधी, जून २०२० मध्ये, चंदीगडजवळ सवारा नावाच्या गावात मॅच खेळवली आणि जगाला सांगितलं की ही श्रीलंकेतली टी-ट्वेंटी लीग आहे. श्रीलंका बोर्डाला त्याचा पत्ताच नव्हता.

मला यातली पोरं आठवत राहतात. चारशे रुपये घेऊन खेळणाऱ्याला आपण कशात आहे हे माहीतपण नसेल. तुमची पोरं खरी खेळणारी आहेत, पेठेच्या नावावर खेळणारी आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या स्टॉपरकडनं सत्तराव्या मिनिटाला पाय घसरला तर गॅलरीतला माणूस आज म्हणतो 'मैदान ओलं होतं'. उद्या या लीगमध्ये घसरला तर काय म्हणणार? आणि एकदा तसं म्हणायला सुरुवात झाली की ते पोरगं बरोबर असलं तरी सिद्ध करू शकत नाही.

मोठ्या देशात हे होत नाही का, होतंय की. इंग्लंडात स्टोक नावाचं गाव आहे, तिथंच २००० साली बेट३६५ ही कंपनी सुरू झाली, तिथलाच फुटबॉल क्लब त्याच कुटुंबाकडं आणि २०१६ पासून स्टेडियमला नावपण कंपनीचं, आणि ती कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना जगभरच्या मॅचेस लाइव्ह दाखवते. ब्रेंटफर्ड आणि ब्रायटन या दोन्ही क्लबचे मालक बेटिंगच्या अभ्यासावर पैसा मिळवलेले. पण तिथं लीग त्यांची नाही, रेफ्री त्यांचा नाही, आणि २०१४ पासून तिथल्या एफएचा, म्हणजे फुटबॉल संघटनेचा, नियम आहे की वरच्या पातळीवर फुटबॉलमध्ये असलेल्या माणसानं जगात कुठंही फुटबॉलवर पैसे लावायचे नाहीत. तरीसुद्धा गुंता सुटत नाही बघा. २०२३ मध्ये ब्रेंटफर्डच्या आयव्हन टोनीवर बेटिंगसाठी आठ महिन्यांची बंदी आली, २३२ वेळा नियम मोडल्याबद्दल. चूक त्याचीच, पण त्याच्या छातीवर जर्सीला नाव कुणाचं, तर बेटिंग कंपनीचं, आणि क्लबच्या मालकाचा पैसा कशातला, तर बेटिंगमधला. त्या पोराला आपण नेमकं काय शिकवत होतो?

आपल्याकडं पण २०१३ च्या आयपीएलमध्ये टीमशी संबंधित लोकांनीच बेटिंग केल्याचं निघालं आणि सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीनं २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षं बाहेर बसवलं. २०२१ मध्ये गुजरातची टीम सीव्हीसी या परदेशी गुंतवणूक कंपनीनं ५,६२५ कोटींना घेतली तेव्हा त्यांचे पैसे परदेशातल्या बेटिंग कंपन्यांत आहेत म्हणून वाद झाला, शेवटी मंजुरी मिळाली.

आता तुमचं. 'प्रेडिक्शन गेम' हे नाव किती गोड वाटलं तरी खेळायला पैसे भरायचे आणि जिंकल्यावर पैसे मिळायचे असतील तर २०२५ च्या कायद्यात ते बसतं, डोकं लावून खेळायचं असो की नशिबावर, कायद्यानं दोन्हीला एकच माप लावलंय. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. तुमच्या मंडळाच्या लेटरहेडवर सह्या असल्या तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, पार्टी तोवर गावात नसणार.

त्याला एक साधं पत्र द्या. लीग करा, स्वागत आहे, पण केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) परवानगी घेऊन, रेफ्री त्यांच्याच पॅनेलचे, एका माणसाची किंवा त्याच्या गोतावळ्याची एकच टीम, दाखवायचं काम तिसऱ्याच कुणाकडं, आणि अ‍ॅपवर पैसे भरून खेळायचं काही नाही. बक्षिसाची स्पर्धा ठेवायची तर फुकट ठेवा आणि स्पॉन्सरकडनं एक सायकल द्या. याला तो हो म्हणाला तर खरंच लीग करायला आलाय. फोन उचलायचा बंद झाला तर मंडळातल्या दोन्ही गटांना उत्तर मिळालं.

प्रश्न: खासबागेत पण कुस्तीवर पैजा लागायच्याच की. आजोबा सांगायचे. मग आत्ताच काय एवढं? (वाशी नाका)

उत्तर: लागायच्या, नाही म्हणत नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली ते मैदान बांधलं तेव्हापासून लोक कुस्तीवर बोलत आलेत, भांडत आलेत. पण इनाम वेगळं आणि पैज वेगळी. इनाम लाऊडस्पीकरवरनं पुकारतात, दोन्ही पैलवानांना माहीत असतं, आणि जिंकल्यावरच मिळतं. पैज दोन शेजाऱ्यांत, हरला तर जेवण द्यायचं, आणि १८७२ च्या करार कायद्यानं पैजेचे पैसे कोर्टात जाऊन वसूलपण करता येत नाहीत. त्या पैजेत एक गोष्ट नव्हती. मैदान भरवणाऱ्याला कोण हरल्यावर किती फायदा, असा हिशेब नव्हता. जोड लावणारा वस्ताद स्वतःच बाजी घ्यायला बसला असता तर तुमच्या आजोबांनी तिकीट काढलं असतं का?

प्रश्न: बंदी घालून काही थांबत नाही. इंग्लंडसारखं कायदेशीर करून टॅक्स घ्यावा, शाळांना द्यावा. आपलं मत? (निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज)

उत्तर: गुरुजी, दहा वर्षांपूर्वी माझंही हेच मत होतं. लोढा समितीनं २०१६ मध्ये तेच सुचवलं. लॉ कमिशननं २०१८ च्या २७६ व्या अहवालात म्हटलं की रोखता येत नसेल तर नियमात आणा. घोड्यांच्या शर्यतीला तर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटलंय, म्हणून ती चालते.

बंदीनं थांबत नाही हेही खरं. २०२३ ची आयपीएल फेअरप्ले नावाच्या बेटिंग अ‍ॅपवर हक्क न घेताच दाखवली गेली म्हणून वायकॉम१८ नं महाराष्ट्र सायबरकडं तक्रार केली. चोरीचं प्रक्षेपण फुकट दाखवायचं, कारण कमाई बघण्यातनं नाही, बाजीतनं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारनं महादेवसह २२ अ‍ॅप आणि साइट बंद केल्या. नावं बदलून परत येतात, हे आपण सगळे बघतोय.

मग मत का बदललं? ड्रीम११ बघून, म्हणजे पैसे भरून मोबाइलवर आपली टीम लावायचा तो खेळ. २०२० ला आयपीएलचं नाव त्यांनी २२२ कोटींना घेतलं, २०२३ ला देशाच्या टीमच्या जर्सीवर आले, त्यांच्याच ग्रुपचं फॅनकोड मॅचेस दाखवायला लागलं. तेव्हा ते सगळं कायद्यात बसत होतं, कोर्टानं कौशल्याचा खेळ मानलेला, त्यांनी नियम मोडला असं मी म्हणत नाही. पण माझ्या लेकीच्या मैत्रिणीचा भाऊ, आठवीतला, टीम इंडियाची जर्सी घालून मला म्हणाला, 'काका, तुमची टीम लावली का?' त्याला मॅच आणि टीम लावणं या दोन गोष्टी आहेत हेच माहीत नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, करार मोडला, जर्सीवर टायर कंपनी आली. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टात गेल्यात, निकाल काय लागायचा तो लागेल. आणि तुम्ही इंग्लंड म्हणताय, तिथल्या प्रीमियर लीगच्या क्लबांनीच २०२३ मध्ये ठरवलं की २०२५-२६ चा सीझन संपला की जर्सीच्या पुढच्या बाजूवरनं बेटिंगची नावं काढायची. ज्यांनी टॅक्स घेऊन बघितला तेच मागं सरकायला लागलेत.

कधीतरी इथं कायदेशीर झालंच, तर माझी मागणी एकच राहील: बाजी घेणाऱ्याला टीममध्ये, प्रक्षेपणात आणि स्कोअरच्या डेटात एक रुपयाचाही हिस्सा नको. टॅक्स किती टक्के हे त्यानंतर बोलू.

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा, एमआयडीसीत कामाला. आयपीएलपासून कुणाकडनं तरी 'आयडी' घेतलाय. एक लाख ऐंशी हजार गेलेत, त्यात लोन अ‍ॅपचे आहेत. म्हणतो एवढा एक महिना दे आई, सगळे परत काढतो. त्याचं बँक पासबुक आणि एटीएम एका मित्राकडं असतंय, का ते सांगत नाही. वडील नाहीत. पाटल्या मोडायच्या का? (कागल)

उत्तर: ताई, पाटल्या मोडू नका. तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि शेवटी ठेवलं, कारण नीट लिहायचं होतं.

परत काढतो म्हणतोय तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतंय. त्याला शेजारी बसवून हा हिशेब वहीत करून दाखवा. दोन्हीकडं भाव ९० पैसे, म्हणजे शंभर लावून जिंकलं की शंभर परत आणि वर नव्वद. एकानं इकडं शंभर लावले, दुसऱ्यानं तिकडं शंभर. बुकीकडं दोनशे आले, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद गेले, दहा राहिले. मॅच कोणीपण जिंको, दहा राहिलेच. म्हणजे शंभर लावणाऱ्याचे सरासरी पाच जातात. वीस वेळा शंभर लावले की शंभर गेले. आणि आता मॅचमागं एकदाच लावायचं असतं का? सहा ओव्हरचं सेशन (तेवढ्या ओव्हरमध्ये रन किती होणार), दहा ओव्हरचं सेशन, पुढच्या ओव्हरला किती, एका संध्याकाळीच वीस होतात. मॅच त्याच अ‍ॅपवर चाललेली असते, बाहेर पडायला बटणच सापडत नाही. त्याचं डोकं कमी आहे म्हणून गेलेले नाहीत हे त्याला तुमच्याच तोंडनं कळू दे.

पण पैशापेक्षा मला त्या पासबुकाची धास्ती वाटते. बेटिंगचे पैसे फिरवायला पोरांची खाती भाड्यानं घेतात, महिन्याला चार-पाच हजार देतात. नव्या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण पैसे फिरवणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि खात्यात फसवणुकीचे पैसे आले तर दुसऱ्या राज्यातले पोलीस नोटीस घेऊन येतात. उद्या सकाळी त्याला घेऊन बँकेत जा, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. त्यात न ओळखीच्या नोंदी दिसल्या तर वकिलाला घेऊन सायबर पोलिसांकडं तुम्ही होऊन जा. 'अडकलेले पैसे सोडवायला आधी एवढे भरा' असा मेसेज आला तर एक रुपया भरू नका, आणि भरले असतील तर लगेच १९३० ला फोन करा.

लोन अ‍ॅपचं व्याज आणि मुद्दल वेगळं लिहून काढा, पोरानं पगारातनं हप्त्यानं फेडू दे, तुम्ही सोन्यानं फेडलं तर त्याच्या हातात परत मोकळा मोबाइल राहतो. रात्री झोपत नसेल, चिडत असेल तर १४४१६ ही सरकारची टेली-मानस लाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पहिला फोन तुम्ही करा, तो नंतर करेल.

स्टेटमेंट मिळालं की त्यावरचे खाते नंबर खोडून मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, नाव न छापता मी बघून देतो.